उंबरठ्यावरचे ५१२ बाइट

२०११ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या संगणकावर तेव्हा दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदत होत्या. एक विंडोज एक्सपी. सातारा भागातल्या एका घराण्याच्या मोडी दप्तराची लिप्यंतरे मी दहा वर्षे ज्या जुन्या फॉन्टांत टाइप करत आलो होतो, ते फॉन्ट चालवणारे सॉफ्टवेअर फक्त तिथे चाले. दुसरी लिनक्स. पुढचे काम युनिकोडमध्ये करायचे आणि ते लिनक्सवर करायचे, असा माझा संकल्प होता. संकल्प संकल्पाच्या जागी राहिला. लिनक्सकडे महिनोन्महिने फिरकणे होईना, आणि कागदांची स्कॅन ठेवायला जागा पुरेना. तेव्हा एका रविवारी मी विंडोजमध्ये बसून लिनक्सचे पार्टिशन पुसून टाकले. न वापरलेली खोली रिकामी केली, इतकेच माझ्या मनात होते.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, तर काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. 'एरर : नो सच पार्टिशन' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. त्यापुढे लुकलुकणारा कर्सर. विंडोज नाही, लिप्यंतरे नाहीत, काहीच नाही.

पेटी उचलून दुकानात नेली. तिथल्या मुलाने पडद्याकडे क्षणभर पाहिले आणि पावतीपुस्तक पुढे ओढत म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, काका. संध्याकाळी घेऊन जा." आतल्या कामाचे काय, असे विचारले तर म्हणाला, "डेटा नाही राहणार." पावती फाडून त्याने माझ्या हातात दिली होती. ती खिशात घालून मी पेटी मात्र परत उचलली आणि रिक्षाने घरी आणली. शहाणपण म्हणून नव्हे; दहा वर्षांच्या कामावर एका वाक्यात पाणी सोडायला मन धजेना म्हणून.

मी पुसली होती एक खोली. कुलूप मात्र सगळ्या घराला लागले होते. हे कसे? संगणकशास्त्र शिकलेल्या माणसाला हा प्रश्न बाळबोध वाटेल. पण जुन्या कागदपत्रांत रमणाऱ्या माणसाला सवय असते की, एखादी विचित्र वहिवाट दिसली की ती कुणी, केव्हा आणि कोणत्या अडचणीपोटी पाडली ते शोधायचे. मी तेच केले. त्या शोधात जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे.

*

मुळापासून सुरुवात करू. संगणकाला स्मरणात असलेल्या आज्ञा पाळता येतात. पण वीज दिल्याच्या क्षणी त्याची मुख्य स्मृती कोरी असते. आज्ञा आत आणायच्या तर त्या आणण्याचीही आज्ञा लागते, आणि ती आज्ञा तरी आधी आत कशी यायची? कितीही तरबेज नट असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, असा एक जुना न्याय आपल्या शास्त्रग्रंथांत येतो. इंग्रजीत याच अशक्य कसरतीला बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःला वर उचलणे म्हणतात. ती पट्टी म्हणजे बूटस्ट्रॅप. संगणक 'बूट' होतो हा शब्दप्रयोग तिथून आला. पायातल्या बुटाशी त्याचे नाते आहे ते एवढेच.

ही कसरत साधायची ती पायरीपायरीने. आयबीएमच्या १९५२ च्या ७०१ या संगणकावर 'लोड' नावाचे बटण होते. ते दाबले की पंच केलेल्या कार्डावरून, चुंबकीय फितीवरून किंवा ड्रमवरून ३६ बिटांचा फक्त एक शब्द स्मृतीत येई. त्याच्या डाव्या अर्ध्या भागाची, म्हणजे १८ बिटांची, एक आज्ञा होई, आणि ती आज्ञा सहसा पुढचे शब्द आत ओढून घेण्याची असे. एक माणूस भिंतीवर चढवायचा, त्याने वरून दोर सोडायचा, मग बाकीच्यांनी चढायचे. गड चढण्याची ही रीत आपल्याला परकी नाही.

पुढच्या काळातल्या लहान यंत्रांवर हे बटणही नव्हते. १९६५ च्या पीडीपी-८ च्या दर्शनी भागावर स्विचांची रांग असे, आणि कागदी फीत वाचण्यापुरता छोटा कार्यक्रम माणसाने स्विच वरखाली करून स्वतः भरायचा असे. १९७५ सालचा अल्टेअर ८८०० हाही त्याच वळणाचा. त्यासाठी लिहिलेली बेसिक भाषा कागदी फितीवर घेऊन पॉल ॲलन अल्बुकर्कला विमानाने निघाले, आणि विमान उतरायच्या बेतात असताना त्यांच्या लक्षात आले की ही फीत यंत्रात भरून घेणारा छोटा कार्यक्रम लिहायचा राहूनच गेला आहे. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहिला आणि अल्बुकर्कला पोचल्यावर स्विचांनी यंत्रात भरला. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी त्याच वर्षी निघाली. तिच्या कथेच्या पहिल्याच पानावर बूट लोडरची ही धांदल आहे.

*

आपल्या टेबलांवर जो संगणक आला, त्याचा पूर्वज आयबीएम पीसी. तो १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्यात स्विच नव्हते. वीज जाऊनही न पुसणाऱ्या चिपमध्ये 'बायोस' नावाचा कार्यक्रम कायमचा बसवलेला होता. तो यंत्राची तपासणी करी, मग फ्लॉपीवरचा अगदी पहिला तुकडा, म्हणजे पहिला सेक्टर, स्मृतीत आणी आणि कारभार त्याच्या हाती सोपवून बाजूला होई. फ्लॉपी नसली तर चिपमधलीच बेसिक भाषा सुरू होई. सेक्टर ५१२ बाइटांचा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या यंत्रासाठी आयबीएमने एकच प्रणाली दिलेली नव्हती. पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम अशा तीन प्रणालींचा पर्याय होता. पीसी-डॉस सुमारे ४० डॉलरला मिळे, सीपी/एम-८६ सुमारे २४० डॉलरला. गिऱ्हाइकाने कुणाला निवडले असेल ते सांगायला नको. पण यंत्र एक आणि प्रणाली अनेक, ही कल्पना पीसीच्या जन्मापासूनची आहे. ती लिनक्सवाल्यांनी मागाहून काढलेली टूम नव्हे.

मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी आला आणि त्याबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. फ्लॉपी बदलून प्रणाली बदलता येत होती. हार्ड डिस्क तर पेटीत पक्की बसलेली. मग तिच्यावर एकाहून अधिक प्रणालींनी राहायचे कसे? यावर पीसी-डॉस २.० मध्ये जी तोड काढली गेली, तिच्यावर पुढची तीसेक वर्षे जगातले बहुतेक वैयक्तिक संगणक चालले, आणि माझाही संगणक तिच्यामुळेच अडला.

तोड अशी. डिस्कच्या पहिल्या सेक्टरला 'मास्टर बूट रेकॉर्ड', म्हणजे एमबीआर, म्हणायचे. त्याच्या ५१२ बाइटांची वाटणी ठरवून दिली : पहिले ४४६ बाइट कार्यक्रमासाठी, त्यापुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. तक्त्यात १६ बाइटांच्या चार ओळी. प्रत्येक ओळीत पार्टिशन कुठे सुरू होते, केवढे आहे, कोणत्या प्रकारचे आहे आणि चालू आहे की नाही, एवढी नोंद. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा. जमीन कुणाची, किती आणि वहिवाट कुणाची हे तो सांगतो. जमीन मात्र त्याच्यात नसते. सातबाऱ्याचा कागद भिजला म्हणून शेत वाहून जात नाही.

वाटणी उदार होती. चार प्रणालींना चार जागा. पण घराच्या दाराशी बसणारा द्वारपाल एकच, आणि त्याला बसायला ४४६ बाइट. आजच्या युनिकोडमध्ये देवनागरीतले एक चिन्ह साठवायला सामान्यतः ३ बाइट लागतात. म्हणजे एवढ्या जागेत दीडशे चिन्हेही मावायची नाहीत. मूळ द्वारपालाचे काम साधे होते : तक्ता वाचायचा, 'चालू' अशी खूण असलेले पार्टिशन शोधायचे, त्याचा पहिला सेक्टर स्मृतीत आणून त्याच्याकडे कारभार द्यायचा. पुढे डॉस आणि विंडोजच्या द्वारपालाजवळ तक्रारीची तीनच वाक्ये असत. तक्ता चुकीचा आहे, प्रणाली आणताना चूक झाली, प्रणालीच सापडत नाही. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' हे ज्यांनी कधी वाचले असेल, त्यांनी त्या ४४६ बाइटांतलाच एक तुकडा वाचला आहे.

चार भाऊबंद आणि एक दार. दाराशी कुणाचा माणूस बसणार, हे मात्र कुठेच लिहून ठेवले गेले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे एकाच संगणकावर दोन प्रणाली ठेवणाऱ्यांच्या पुढच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ या न लिहिलेल्या ओळीत आहे.

*

रिकाम्या उंबरठ्यावर कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. जानेवारी १९८६ मध्ये 'ब्रेन' नावाचा व्हायरस पसरू लागला. पीसीचा पहिला व्हायरस म्हणून त्याची नोंद होते. तो लाहोरच्या बासित आणि अमजद या अल्वी बंधूंनी लिहिला होता. फ्लॉपीचा मूळ पहिला सेक्टर तो दुसरीकडे हलवी, ती जागा खराब असल्याची खोटी नोंद करी आणि स्वतः पहिल्या सेक्टरमध्ये बसे. आत भावांची नावे, पत्ता आणि फोन नंबरही असे. पाच वर्षांनी आढळलेला 'मायकेलअँजेलो' हार्ड डिस्कच्या एमबीआरमध्ये बसे आणि ६ मार्चला डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसे. १९९२ च्या मार्चमध्ये त्याची जगभर धास्ती होती. प्रत्यक्ष नुकसान भाकितांपेक्षा पुष्कळ कमी झाले. पण पहिल्या सेक्टरवर ज्याचा ताबा, त्याचा सगळ्या यंत्रावर ताबा, हा धडा सर्वांना मिळाला.

याच काळात हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी आपल्या ३८६ संगणकावर मिनिक्स ही प्रणाली वापरत तिच्या शेजारी स्वतःची प्रणाली रचत होता. १९९१ च्या अखेरीस त्याच्या हातून एक चूक झाली. मोडेमला द्यायच्या आज्ञा नजरचुकीने हार्ड डिस्कवरच्या मिनिक्सच्या पार्टिशनवर लिहिल्या गेल्या आणि मिनिक्स मोडले. ते पुन्हा बसवण्याऐवजी त्याने आपल्याच प्रणालीत मुक्काम हलवायचे ठरवले. लिनक्सच्या वाढीला दोन प्रणालींच्या संसारातल्या अशा एका अपघाताचाही हातभार आहे. पार्टिशन पुसून बसलेल्या माझ्यासारख्याला ही हकिकत वाचून जरा धीर आला, हे कबूल करतो.

लिनक्सला हार्ड डिस्कवरून सुरू व्हायचे तर स्वतःचा द्वारपाल हवा होता. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ मध्ये तो लिहिला. लिनक्स लोडर, म्हणजे 'लिलो'. तो विचारत असे : आज कुणाला उठवू, लिनक्सला की डॉसला? आज ज्याला मल्टिबूट म्हणतात तो प्रकार घरोघरच्या हौशी लोकांपर्यंत पोचवण्यात लिलोचा वाटा मोठा.

लिलोची दोन वैशिष्ट्ये सांगितली पाहिजेत. पहिले, त्याला फाइल म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवर नेमक्या कोणकोणत्या सेक्टरांत आहे याची यादी तो आधीच करून ठेवी आणि त्या यादीबरहुकूम उचली. कर्नल बदलला, तो नव्या जागी गेला आणि यादी पुन्हा करायला मालक विसरला, की लिलो जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावी. दुसरे वैशिष्ट्य त्याच्या नावात होते. एकेक टप्पा पार पडला की तो आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. फक्त 'एल' आले आणि पुढे आकडे आले, तर पहिला टप्पा आला पण दुसरा आणता आला नाही. 'एल-आय' वर थांबला, तर दुसरा टप्पा आणला पण चालवता आला नाही. 'एल-आय-एल' वर थांबला, तर दुसरा टप्पा सुरू झाला, पण यादी वाचता आली नाही. चारही अक्षरे उमटली की सगळे सुखरूप. वैद्याने नाडी पाहावी तशी लोक ही अक्षरे पाहत. अपुरे उमटलेले नावच सांगे की घात कुठे झाला.

१९९० च्या दशकात पुण्यामुंबईच्या हौशी मंडळींना इंग्रजी संगणक मासिकांबरोबर लिनक्सची सीडी फुकट मिळू लागली. तपकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या पेट्यांवर ती बसवली जाई, आणि पुष्कळांची गाडी 'एल-आय' वर अडे. त्यामागे आणखी एक जुनी वहिवाट होती. डिस्कवरची जागा बायोसला सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगावी लागे, आणि सिलिंडरसाठी फक्त १० बिट राखलेले होते, म्हणजे १,०२४ सिलिंडर. सगळे आकडे पूर्ण ताणले तरी हिशेब ८.४ गिगाबाइटपाशी संपे; जुन्या बायोसवर तर ५२८ मेगाबाइटपाशीच. एक्सटीच्या १० मेगाबाइटच्या काळात ही सीमा क्षितिजापलीकडची वाटली असेल. पंधरा वर्षांत डिस्का तिच्यापलीकडे गेल्या. कर्नल एकदा जागा झाला की त्याला सगळी डिस्क दिसे. त्याला उठवायला जाणारा लिलो मात्र बायोसच्या डोळ्यांनी पाही, आणि कर्नल सीमेपलीकडे असला तर त्याला तो सापडत नसे. म्हणून जाणकार लोक डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक चिमुकले पार्टिशन काढून कर्नल तिथे ठेवायला सांगत.

*

माझ्या पडद्यावर ज्याचे नाव आले तो 'ग्रब' या घराण्यातला पुढचा पुरुष. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी तो लिहायला घेतला तो लिनक्ससाठी नव्हे, तर हर्ड या दुसऱ्या मुक्त प्रणालीसाठी. प्रत्येक प्रणालीने आपला वेगळा द्वारपाल आणायचा आणि आधीच्याला हुसकावायचे, हे थांबावे म्हणून त्यांनी आणि ब्रायन फोर्ड यांनी एक करारनामा तयार केला. कोणत्याही लोडरला कोणताही कर्नल उठवता यावा, यासाठी दोघांनी एकमेकांशी कोणत्या रीतीने बोलायचे ते त्यात होते. त्याचे नावच मल्टिबूट. १९८३ साली जी ओळ लिहायची राहिली होती, ती लिहायचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. मुक्त प्रणालींच्या जगाबाहेर मात्र तो पाळला गेला नाही. म्हणून विंडोजसाठी ग्रबला वेगळी युक्ती करावी लागे. विंडोजच्या पार्टिशनचा पहिला सेक्टर तो जसाच्या तसा स्मृतीत ठेवी आणि जणू बायोसनेच बोलावले अशा थाटात त्याला जागे करी. विंडोजला पत्ताही नसे की मध्ये कुणी मध्यस्थ आहे.

ग्रबला फाइली वाचता येत. यादी करून ठेवायची गरज नव्हती. कर्नलचे नाव सांगितले की तो शोधून काढी. पण फाइली वाचण्याइतके ज्ञान ४४६ बाइटांत कसे मावणार? म्हणून ग्रबने आपले अंग तीन ठिकाणी पसरले. पहिला तुकडा एमबीआरमध्ये. दुसरा, जरा मोठा, एमबीआर आणि पहिले पार्टिशन यांच्यामधल्या जागेत. रिवाजाप्रमाणे पहिले पार्टिशन ६३ व्या क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होई, त्यामुळे मधले ६२ सेक्टर ओस पडलेले असत. तिसरा तुकडा, म्हणजे निवड करायचा तक्ता, बाकीची अवजारे आणि कुणाला कसे उठवायचे याच्या सूचना, हे सगळे लिनक्सच्या पार्टिशनमध्ये.

इथे माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. मी लिनक्सची खोली पुसली तेव्हा द्वारपालाचे डोके दाराशीच राहिले; हातपाय मात्र त्या खोलीत होते. सकाळी तो जागा झाला, आपले सामान आणायला निघाला, आणि खोलीच नाही असे पाहून त्याने प्रामाणिकपणे तसे सांगितले : असे पार्टिशन नाही. दुकानातल्या मुलाने ते वाक्य वाचले. त्याचा अर्थ मात्र घर कोसळले असा लावला. विंडोजच्या खोलीत सगळे कागद जसेच्या तसे होते. तिथे जायची वाट दाखवणारा मात्र उरला नव्हता.

*

हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. ठाऊक होते माझ्या भाचीला. ती त्या वेळी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. ती आली, पडदा पाहिला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही काय पुसलंत ते आधी सांगा." मी सांगितले. मग तिने पिशवीतून एक सीडी काढली. "आधी बाहेरच्या सीडीवरून चालू करून बघू. डिस्कला हात नको लावायला."

सीडीवरून लिनक्स सुरू झाले. त्यातून तिने विंडोजचे पार्टिशन उघडले. माझे फोल्डर तिथे होते. दप्तरातल्या एकेका रुमालाच्या नावाचा एकेक फोल्डर, मी ठेवला होता तसा. मी दुरुस्तीची घाई करू लागलो, तर तिने थांबवले. आधी सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. त्यात अख्खी दुपार गेली. मग एक्सपीची मूळ सीडी घालून, तिच्यातल्या दुरुस्तीच्या सोयीत जाऊन एकच आज्ञा दिली. तिने एमबीआरमध्ये विंडोजचा साधा द्वारपाल पुन्हा बसवला. शेजारच्या पार्टिशनच्या तक्त्याला हात लावला नाही. संगणक सुरू झाला. या शेवटच्या कामाला मिनिटभरही लागले नसेल.

नंतर तिने मला समजावून सांगितले की, मी पार्टिशन पुसलेले नसते आणि डिस्कची फेरवाटणी करताना नुसता त्याचा क्रमांक बदलला असता, तर 'रेस्क्यू'च्या त्या कर्सरपाशीच काम भागले असते. तिथे दोन अक्षरांची आज्ञा देऊन डिस्कवरची पार्टिशने पाहता येतात, ग्रबचे सामान कुठल्या पार्टिशनमध्ये आहे ते शोधता येते आणि तो पत्ता त्याला सांगता येतो. 'रेस्क्यू' म्हणजे मेलो असे नव्हे, मला वाट सांगा असे तो म्हणत असतो. आणि विंडोज नव्याने बसवल्यावर लिनक्स दिसेनासे झाले, ही जी सर्रास तक्रार असते, तिच्यातही लिनक्स गेलेले नसते. द्वारपाल बदललेला असतो, आणि नव्या द्वारपालाला शेजारच्या खोलीची ओळख नसते.

*

द्वारपालाच्या जागेचे भांडण निव्वळ तांत्रिक नव्हते, हे सांगणारे एक प्रकरण मला पुढे वाचायला मिळाले. ॲपलमधून बाहेर पडलेले जाँ-लुई गासे यांनी बी नावाची कंपनी काढून बीओएस ही प्रणाली केली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये हिताचीने फ्लोरा प्रियस हा संगणक विंडोज आणि बीओएस या दोन्ही प्रणाली घालून विक्रीला आणला. पण सुरू करताना कोणती प्रणाली हवी हे विचारणारा तक्ताच त्यावर नव्हता. संगणक थेट विंडोजमध्ये जाई. बीओएस डिस्कवर असूनही, खटपट केल्याशिवाय गिऱ्हाइकाला ती दिसत नसे. विंडोज बसवून विकणाऱ्या उत्पादकांशी मायक्रोसॉफ्टने केलेल्या परवान्याच्या करारांमुळे असा तक्ता दाखवता येत नाही, असा बीचा आरोप होता. २००२ मध्ये बीने दावा लावला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर बीचा कारभार आटोपला होता. खोली होती, सामान होते, भाडेकरूही होता. दारावर त्याच्या नावाची पाटी तेवढी नव्हती.

एमबीआरची व्यवस्था अखेर जागेअभावी मोडीत निघाली. तक्त्यात सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट होते. त्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरांनी हिशेब २ टेराबाइटपाशी संपे. तिच्या जागी आलेल्या व्यवस्थेचे बीज इंटेलने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटॅनियम या प्रोसेसरसाठी पेरले होते. २००५ मध्ये अनेक कंपन्यांचा मंच होऊन तिला यूईएफआय हे नाव मिळाले. या व्यवस्थेत एकच द्वारपाल आणि त्याचे ४४६ बाइट हा प्रकार नाही. डिस्कवर एक छोटे सामायिक पार्टिशन असते, त्यात प्रत्येक प्रणालीचा स्वतंत्र फोल्डर असतो, आणि कुणाला आधी विचारायचे याचा क्रम मदरबोर्डवरच्या स्मृतीत नोंदलेला असतो. एक प्रणाली बसवताना दुसरीचा लोडर पुसावा लागत नाही. आता बिघाड होतो तो बहुधा क्रमात. अद्ययावत करताना एखादी प्रणाली स्वतःचे नाव पहिले लिहून टाकते. अशा वेळी संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलला तरी पुष्कळदा पुरते.

पण भांडण जागेवरून मिटले ते किल्लीवर आले. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' सर्वत्र आले. ज्या लोडरवर मान्य सही आहे त्यालाच यंत्र उठू देईल, असा नियम झाला. ब्रेन आणि मायकेलअँजेलो यांचा इतिहास पाहता नियम निराधार नव्हता. मात्र बाजारातल्या बहुतेक यंत्रांत सहीची किल्ली मायक्रोसॉफ्टची. मग लिनक्सवाल्यांनी 'शिम' नावाचा छोटा लोडर केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची आणि पुढे ग्रबची ओळख शिमने पटवायची. २०२० मध्ये ग्रबमध्ये 'बूटहोल' नावाची गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा सही असलेल्या जुन्या लोडरांना बाद कसे करायचे हा पेच उभा राहिला. त्यासाठी पिढीचे आकडे तपासण्याची सोय केली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने जुन्या पिढ्या बाद केल्या. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना हे लागू होणार नाही असे सांगितलेले असतानाही अनेक ठिकाणी ते लागू झाले, आणि लोकांच्या लिनक्सऐवजी पडद्यावर आले की, काहीतरी गंभीर बिघडले आहे. त्या लोकांचीही कागदपत्रे आपापल्या जागी शाबूत होती.

*

या सगळ्यातून मी उचललेली रीत अगदी साधी आहे, आणि ती दफ्तरखान्यातल्या रीतीहून वेगळी नाही. पडद्यावरचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे. ते कुठल्या टप्प्यावरच्या द्वारपालाने म्हटले आहे ते ओळखावे. शेवटची आपण काय हलवाहलव केली ते आठवावे. बाहेरच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून आत काय शिल्लक आहे ते पाहावे, त्याची नक्कल काढावी, आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. डिस्क स्वतःच निकामी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. पण 'सुरू होत नाही' आणि 'उरले नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ती एकच समजून किती घरांतली छायाचित्रे, हिशेब आणि लेखन कोऱ्या डिस्कांखाली गेले असेल, याची मोजदाद कुठेही नाही.

माझी लिप्यंतरे पुढे युनिकोडमध्ये आणली. दोन वर्षे लागली. त्यातली निम्मी मेहनत भाचीची. आता ती लिनक्सवर उघडतात आणि विंडोजवरही. कोणती प्रणाली आधी उठते याची फिकीर राहिलेली नाही. दुकानातली ती गुलाबी पावती पहिल्या रुमालाच्या छापील प्रतीत मी अजून ठेवली आहे. तिच्यावर तारीख आहे, माझे नाव चुकीच्या वेलांटीने लिहिलेले आहे, आणि 'काम' या शब्दापुढे एकच शब्द आहे : फॉरमॅट.